पोर्ट्रेटमधली व्यक्ती उठून दिसावी म्हणून ८५ एमएम लेन्स घ्यावी, की एडिटिंगने काम भागेल?

तुमच्याकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स आहे, अपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र) पूर्ण उघडूनही माणूस मागच्या झाडीत मिसळून जातो, असं तुम्ही लिहिलंय. लेन्स घ्यायच्या आधी एक करून बघा. त्यातला एखादा फोटो एडिटिंगमध्ये तात्पुरता कृष्णधवल करा. माझा अंदाज आहे की चेहरा आणि मागची पानं जवळजवळ एकाच करड्या छटेची दिसतील. सावळी किंवा गव्हाळ त्वचा आणि उन्हातली हिरवी पानं, यांचा उजेड बऱ्याचदा सारखाच असतो. मग बॅकग्राउंड कितीही ब्लर केलं तरी चेहरा त्यातून सुटत नाही. आपला डोळा उजेडातला फरक फार पटकन पकडतो. हे उशिरा कळल्यामुळे माझे कितीतरी फोटो वाया गेले, म्हणून एवढं आग्रहाने सांगतोय.

आता लेन्सचं. ८५ मला फार आवडते, पण ती घ्यायचं कारण लोक सांगतात त्याहून वेगळं आहे. ब्लर जास्त मिळतो हे खरंच. फोकल लेंग्थला (इथे ५० किंवा ८५ एमएम) एफ नंबरने (इथे १.८) भागलं की भिंगाच्या उघड्या तोंडाचा व्यास मिळतो: ५० एफ १.८ ला साधारण २८ मिमी, ८५ एफ १.८ ला ४७ मिमी. खूप लांबच्या दिव्याचा ठिपका चेहऱ्याशेजारी जवळपास तेवढ्याच व्यासाची चकती होऊन उमटतो. म्हणजे एका लेन्सने डोळ्याएवढी चकती, तर दुसरीने त्याच्या दीडपटीहून मोठी. शिवाय ८५ ने चेहरा आणि खांदे घ्यायला तुम्ही साधारण २ मीटरवर उभे राहता. ५० ने तेवढंच घ्यायचं तर सव्वा मीटरच्या आत यावं लागतं, आणि तिथून नाक जरा मोठं, कान जरा मागे गेल्यासारखे दिसायला लागतात. हा फरक लेन्समुळे पडत नाही, अंतरामुळे पडतो.

पण खरा फायदा म्हणजे ८५ मागचं फार थोडं दाखवते. समजा मागची भिंत व्यक्तीपासून ८ मीटरवर आहे. आडव्या फ्रेममध्ये ५० ला तिची साडेसहा मीटर रुंदी दिसते, ८५ ला सव्वाचार. तेवढा स्वच्छ तुकडा शोधणं कितीतरी सोपं. आणि ८५ घेऊन त्याच २ मीटरवर तुम्ही ३० सेंटीमीटर बाजूला सरकलात की व्यक्तीच्या मागून ती भिंत १.२ मीटर सरकते, म्हणजे पाव फ्रेमहून जास्त! मावशीचा एक फोटो काढताना तिच्या कानामागे खिडकीची पांढरी चौकट येत होती, नजर सारखी तिकडेच जायची. अर्धं पाऊल डावीकडे झालो, चौकट गेली, मागे दाराचा गडद कोपरा आला आणि तिचे पिकलेले केस कडेने लख्ख उजळले. अपर्चर तेच होतं.

अपर्चरबद्दल थोडक्यात: २ मीटरवर ८५ ला एफ १.८ ठेवलं तर फोकसमध्ये जेमतेम ६ सेंटीमीटर येतात. चेहरा जरा वळलेला असेल तर लांबचा डोळा मऊ पडतो. मी बहुतेक वेळा २.८ वरच राहतो आणि व्यक्तीला बॅकग्राउंडपासून चार पावलं पुढे आणतो. (कॅमेरा क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा असता तर तुमची ५० च ७५-८० सारखी वागली असती आणि मी नवी लेन्स घेऊच नका म्हटलं असतं.)

एडिटिंगमध्ये रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर बॅकग्राउंडला मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), हिरव्याचं सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) थोडं उतरवा, क्लॅरिटी (बारीक तपशिलांचा उठाव) किंचित कमी करा. मग चेहऱ्यावर मोठा, कडा विरघळलेला गोल मास्क घेऊन पाव स्टॉप वाढवा. पाव म्हणजे पावच. घाई नडते ती केसांच्या कडेला. आपोआप तयार झालेला मास्क तिथे चुकतो आणि बॅकग्राउंड जास्त गडद केलं की डोक्याभोवती उजळ वलय उमटतं. एकदा १०० टक्के झूम करून कानापासून कानापर्यंत केसांची कड तपासा. वलय दिसलं तर मास्कची कड पुसत बसण्यापेक्षा एक्स्पोजरच थोडं परत वर न्या. नकली ब्लरच्या वाटेला मी जात नाही. सुटी बट कापली जाते, आणि माणूस उभा असेल तर पायाखालची जमीन हळूहळू धूसर व्हायच्या ऐवजी एकदम तुटल्यासारखी दिसते.

शेवटी फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. चेहरा लगेच सापडला तर स्लायडर सोडून द्या.

तेव्हा लेन्स घ्यायला माझी ना नाही, पण आधी महिनाभर याच ५० ने, मागे सावली असलेल्या जागा हेरून फोटो काढा. त्यानंतरही मागचं नको ते फ्रेममध्ये शिरत राहिलं, तर ८५ खुशाल घ्या.