चित्र बोलके असेल, तर आंदोलनाच्या पोस्टरवर मजकुराची गरज काय?

समाजमाध्यमांवरील आंदोलनाच्या पोस्टरमध्ये छायाचित्र पुरेसे बोलके असताना मजकूर कशाला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चित्र कितीही बोलके असले, तरी ते कुठले, केव्हाचे आणि आता कोणी काय करायचे, हे त्याला सांगता येत नाही.

मी नवी मुंबईतल्या नेरूळला राहतो. खाडीकाठच्या एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली, तेव्हा आम्ही काही रहिवाशांनी पोस्टर केले: रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा आणि खाली 'फ्लेमिंगो वाचवा'. ते पुष्कळ फिरले, पण प्रतिक्रिया आल्या त्या 'काय सुंदर फोटो!' आणि 'कुठे दिसतात हो?' अशा. यात वाचकांचा दोष नव्हता. चित्रातले पक्षी सुखात दिसत होते, मजकूर त्यांना वाचवायला सांगत होता आणि संकट दोन्हींतही नव्हते. शिवाय ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याने पक्षी सुरक्षित आहेत असे अनेकांना वाटते. आमच्या चित्राने तो समज उलट पक्का केला.

दुसऱ्या पोस्टरवर एकही पक्षी नव्हता. भेगाळलेला चिखल, गाळाने तोंडापर्यंत भरलेला पाइप, त्याकडे दाखवणारा बाण आणि 'भरतीचे पाणी इथून आत येत असे' हे एकच वाक्य. त्यातल्या 'असे' या शब्दाने छायाचित्रात कधीच न मावणारा भूतकाळ आणला. 'मग हा पाइप साफ कोणी करायचा?' असे लोक विचारू लागले, आणि आम्हाला हाच प्रश्न हवा होता.

रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने 1964 मध्ये हा भेद मांडला होता: कधी मजकूर चित्राच्या अनेक अर्थांपैकी एकावर नांगर टाकतो, म्हणजे तोच अर्थ पक्का करतो, तर कधी दोघे एकमेकांना पूरक ठरून अर्थ पुढे नेतात. आमच्या पहिल्या पोस्टरात यांपैकी काहीच घडले नव्हते.

ही जोडी फसली की नुकसानही होते. 2 जून 2020 रोजी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ असंख्य लोकांनी इन्स्टाग्रामवर कोरा काळा चौकोन टाकला आणि त्याला 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' हा चळवळीचाच हॅशटॅग जोडला. त्यामुळे त्या हॅशटॅगखाली मोर्चांची आणि मदतीची माहिती शोधणाऱ्यांना काळे चौकोनच दिसू लागले.

आपण स्वतः पोस्टर करणार असाल, तर ठिकाण आणि तारीख चित्राच्या आतच लिहा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जाताना सोबतचा मजकूर गळून पडू शकतो. अक्षरे ठळक ठेवा. गजबजलेल्या छायाचित्रावर बारीक देवनागरीतले अनुस्वार आणि वेलांट्या मोबाइलवर दिसत नाहीत.