ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड, गिऱ्हाईक म्हणतं मिळालंच नाही

प्रश्न: ताई, मी वाळपईहून काजूगर आणि आमसुलं ऑनलाइन विकते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, पैसे आधीच यूपीआयने घेते. ठाण्याच्या एका बाईंना दोन किलो काजूगर कुरियरने पाठवले, ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड दाखवतंय पण त्या म्हणतात मिळालंच नाही, पैसे द्या नाहीतर फ्रॉड म्हणून सगळीकडे टाकते. कुरियरवाला हात झटकतोय, घरचे म्हणतात बाई खोटारडी आहे, ब्लॉक कर. काय करू?
- एक वाचक, वाळपई

उत्तर: बाय, ब्लॉक अजिबात करू नकोस. ती खोटं बोलते की खरं हे आज तुलाही माहीत नाही आणि घरच्यांनाही नाही. डिलिव्हर्ड म्हणजे काय, तर डिलिव्हरीवाल्या पोराने त्याच्या मोबाईलवर तशी नोंद केली एवढंच, पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये असेल, बी विंगऐवजी डी विंगला गेलं असेल, नाहीतर दारात ठेवलेलं कुणीतरी उचललं असेल.

म्हणून आधी कुरियरकडे पीओडी माग, म्हणजे डिलिव्हरीचा पुरावा. फोनवर नको, ईमेलने माग, आणि तूच माग, कारण बुकिंग तुझ्या नावावर आहे, त्या बाईंना ते दारात उभं करणार नाहीत. सही कुणाची, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला, फोटो आहे का ते बघ. फोटो असला तर मोठा करून बघ, दारावरची पाटी, फ्लॅट नंबर, खोक्यावरची तुझी चिकटपट्टी. बुकिंगच्या पावतीवरचं वजन आणि त्यांच्या सिस्टीममधलं नंतरचं वजनही ताडून बघ, दोन किलोचं मध्येच सव्वा झालं असेल तर माल वाटेतच काढलाय. क्लेम किती दिवसांत करायचा ते पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं, ती मुदत चुकवू नकोस.

बाईंना आजच मेसेज कर: "ताई, पार्सल मिळालं नाही हे समजलं, मी कुरियरकडे लेखी तक्रार केलीय, तिचा नंबर हा. तुम्ही वॉचमनकडे आणि शेजारी एकदा विचाराल का? शुक्रवारपर्यंत काय ते नक्की कळवते." आणि शुक्रवारी खरंच कळव. माणूस चिडतो तो बऱ्याचदा पैशापेक्षा उत्तर न मिळाल्याने. शिवाय 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात अशी अट आहे, गिऱ्हाईक 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतं. घरगुती धंदा असला तरी हीच शिस्त ठेव.

पीओडीवर त्यांचं नाव, नंबर, दार काहीच जुळत नसेल तर पैसे दे किंवा माल पुन्हा पाठव, मग तुझं नुकसान कुरियरकडून वसूल कर. लागेल गं मनाला, दोन किलो काजूगर म्हणजे थोडे पैसे नव्हेत, पण माल त्यांच्या हातात पोचवायची जबाबदारी तू घेतली होतीस. उलट ओटीपी त्यांच्याच नंबरचा निघाला तर तो पुरावा त्यांना दाखव आणि पैसे देता येणार नाहीत हे शांतपणे, लेखी सांग, धमकीला घाबरून देऊ नकोस.

पुढच्या ऑर्डरींना पॅकिंगचा व्हिडिओ काढ, काट्यावरचं वजन आणि पत्त्याचं लेबल एकाच शॉटमध्ये दिसू दे. पोस्टानेही पाठवून बघ, 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला 5 रुपये अधिक जीएसटी भरून ओटीपी डिलिव्हरी मिळते. पण पार्सल हरवलं तर त्यांची नेहमीची भरपाई भरलेल्या चार्जच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यात जे कमी तेवढीच, म्हणून महागाच्या मालाला विमा काढ.

आणि हो, पैसे परत करायचे ठरलेच तर ज्या यूपीआय आयडीवरून आले त्याच आयडीवर पाठव, भावाच्या नंबरवर टाका वगैरे सांगितलं तर नाही म्हण.