बँकेच्या खिडकीवरची भाषा कोण ठरवते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी आई ७८ वर्षांची आहे. बाबांच्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि हयातीचा दाखला देण्यासाठी दर नोव्हेंबरात आम्ही बँकेत जातो. या वेळी मिळालेला फॉर्म फक्त हिंदी आणि इंग्रजीत होता. आईचे शिक्षण सातवीपर्यंत मराठीत झाले आहे. अक्षरे तिने वाचली, पण ‘अधोहस्ताक्षरी’ (खाली सही करणारा) म्हणजे कोण, हे तिला कळेना. मराठी फॉर्म मागितला तेव्हा ‘तो येतच नाही’ असे उत्तर मिळाले. घरी यावरून चर्चा झाली. मुलाचे म्हणणे असे, की फ्रान्ससारखे एकच सरकार आणि एकच भाषा असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता. माझे थोरले दीर म्हणतात, आपला देश नावालाच संघराज्य आहे, खरी सत्ता दिल्लीकडे आहे. बहुभाषिक देशाला संघराज्य मानवते की एककेंद्री राज्यव्यवस्था, आणि आमच्या फॉर्मचा याच्याशी काय संबंध, हे समजावून सांगावे.
— एक वाचिका, लालबाग

उत्तर : आधी फॉर्मविषयी. किरकोळ ग्राहकांच्या वापरातले छापील साहित्य हिंदी, इंग्रजी आणि त्या राज्याची भाषा अशा तीन भाषांत असावे, अशा रिझर्व्ह बँकेच्या बँकांना सूचना आहेत. त्यामुळे मराठी फॉर्म मागण्यात आपण कोणाकडे सवलत मागत नव्हता. शाखा व्यवस्थापकांकडे लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या. दाद मिळाली नाही आणि केंद्र सरकारच्या संबंधित खात्याकडे जायची वेळ आली, तर तो अर्जही मराठीत लिहा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

आता हे असे का घडते, ते पाहू. आपल्याच भागातल्या शिधावाटप कार्यालयात किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आपल्या आईंना मराठी अर्ज सहज मिळेल, आणि तिथून थोड्या अंतरावरच्या बँकेत तो मिळणार नाही. शहर तेच आणि माणूसही तेच, मग भाषा का बदलते? आपल्या राज्यघटनेने सत्तेची वाटणी विषयांनुसार केली आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राचे, राज्यांचे आणि दोघांचे सामाईक असे विषय वेगवेगळे मांडले आहेत. त्यांत बँका, रेल्वे, टपाल आणि विमा हे सारे केंद्राकडे आहेत. अनुच्छेद ३४५ नुसार राज्याला आपली राजभाषा ठरवता येते, आणि महाराष्ट्राने १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने ती मराठी ठरवली. परंतु ही तरतूद राज्याच्या स्वतःच्या कारभारापुरती आहे. केंद्राच्या कारभाराला १९६३ चा राजभाषा अधिनियम लागू होतो, आणि त्यातला व्यवहार हिंदी व इंग्रजी या दोन भाषांभोवती बांधलेला आहे. १९७६ च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख आणि ग असे तीन विभाग पाडले, त्यांत महाराष्ट्र ‘ख’ विभागात आहे. म्हणजे केंद्रीय कार्यालयांनी इथल्या राज्य सरकारशी सामान्यतः हिंदीत पत्रव्यवहार करावा, असा नियम आहे. याच नियमांतून तामिळनाडू मात्र पूर्णपणे वगळलेला आहे. १९६५ मध्ये तिथे झालेल्या हिंदीविरोधी आंदोलनाची आठवण ठेवली, की त्या वगळण्याचा अर्थ लक्षात येतो.

थोडक्यात, केंद्र जेव्हा महाराष्ट्राच्या हद्दीत येऊन महाराष्ट्रातल्या माणसाशी थेट व्यवहार करते, तेव्हा त्याने इथली भाषा वापरलीच पाहिजे, असे बंधन या दोन्ही कायद्यांत कुठेही नाही. माझ्या मते बहुभाषिक संघराज्याची खरी कसोटी इथेच लागते. बेल्जियमने १९६२ मध्ये कायद्याने भाषासीमा आखली. तेव्हा तो देश एककेंद्रीच होता. संघराज्य म्हणून त्याची नोंद त्याच्या राज्यघटनेत झाली ती १९९३ मध्ये. तरीही १९६० च्या दशकातल्या त्या भाषाकायद्यांनी हे ठरवून टाकले, की डच भागातले केंद्राचे स्थानिक कार्यालय डचमध्ये चालेल, फ्रेंच भागातले फ्रेंचमध्ये, आणि ब्रुसेल्समध्ये दोन्ही भाषा चालतील. आपल्याकडे उलटे झाले. १९५० पासून आपण संघराज्य आहोत, राज्यांना भाषा आहेत, विधानसभा आहेत, आणि तरी आपल्या आईंना त्या खिडकीवर स्वतःची भाषा मिळाली नाही. म्हणून एखादा देश संघराज्य आहे की एककेंद्री, एवढे कळल्याने तिथल्या माणसाला कोणत्या भाषेत सेवा मिळेल, हे कळत नाही.

आपल्या मुलाने फ्रान्सचे उदाहरण दिले, त्याला त्या सुलभतेची किंमतही सांगायला हवी. फ्रान्समध्ये ब्रेटन आणि ऑक्सितान बोलणारे लोक पुष्कळ होते. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना तिथे शिक्षा होत असे, आणि काही पिढ्यांत त्या भाषा घरांतूनही ओसरल्या. एककेंद्री राज्यव्यवस्थेचे याहून चांगले उदाहरण इंडोनेशियाचे आहे. त्या देशाला १९४९ च्या अखेरीस संघराज्य म्हणून सार्वभौमत्व मिळाले आणि १७ ऑगस्ट १९५० रोजी त्याने ती रचना मोडून एककेंद्री राज्य स्वीकारले. शेकडो भाषांचा हा देश टिकला, याचे एक मोठे कारण असे, की सर्वांत मोठा जनसमूह जावानीज भाषकांचा असूनही राष्ट्रभाषा म्हणून जावानीज लादली गेली नाही. व्यापाराच्या निमित्ताने बेटाबेटांवर पसरलेल्या मलायवर आधारलेली भाषा निवडली गेली. मोठ्या समूहाने आपला हट्ट सोडला, तर एककेंद्री राज्यही चालू शकते. श्रीलंकेत तो सोडला गेला नाही. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली, १९७२ च्या राज्यघटनेने देश एककेंद्री असल्याचे घोषित केले, आणि तमिळला राजभाषेचा दर्जा देणारी दुरुस्ती १९८७ मध्ये आली तेव्हा यादवी युद्ध सुरू होऊन चार वर्षे झाली होती. पाकिस्तानातही उर्दूच्या आग्रहापायी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. १९५६ मध्ये बंगालीला मान्यता मिळाली, पण तोवर मने दुरावली होती.

आपल्या दिरांच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा, क्षेत्र आणि नावे बदलण्याचा अधिकार संसदेला आहे आणि तो साध्या बहुमताने वापरता येतो; संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. मुंबईने याचा अनुभव घेतला आहे. १९५६ च्या मूळ विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन वेगळे घटक होते. संसदेत ते बदलले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. बदललेल्या प्रस्तावावर पुन्हा मत विचारले नाही म्हणून हा कायदा रद्द करावा, अशी मागणी न्यायालयापुढे गेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले, की प्रस्ताव बदलल्यावर पुन्हा विचारण्याची घटनेला आवश्यकता नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवावीशी वाटते. ज्या अधिकाराने आपल्यावर द्वैभाषिक राज्य लादले गेले, त्याच अधिकाराने १ मे १९६० रोजी महाराष्ट्र निर्माण झाला. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच भाषक जुरा भागाला बर्नपासून वेगळे होण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले, १९७४ पासून एकामागून एक सार्वमते घ्यावी लागली आणि १९७८ मध्ये साऱ्या देशाचा कौल मिळाल्यावर १९७९ मध्ये नवे कँटन, म्हणजे तिथले घटकराज्य, झाले. आपल्याकडे प्रत्येक राज्याच्या संमतीशिवाय सीमा बदलता येणार नाही असा नियम असता, तर १९५३ चा आंध्र, १९५६ ची पुनर्रचना आणि १९६० चा महाराष्ट्र कितपत शक्य झाले असते, याची मला शंका आहे. संसदेने हे मनाच्या मोठेपणाने केले असे मात्र नाही. आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी उपोषणात प्राण दिले, आणि आपल्यासाठी ज्यांनी प्राण दिले त्यांची नावे हुतात्मा चौकात कोरलेली आहेत.

डॉ. आंबेडकरांचे मतही इथे नोंदवले पाहिजे, कारण ते माझ्या मताच्या विरुद्ध जाते. १९४८ मध्ये भाषावार प्रांतांच्या आयोगापुढे त्यांनी मराठी प्रांताची बाजू मांडली, मुंबई त्याच प्रांतात असावी असा आग्रह धरला, आणि त्याचबरोबर असेही सांगितले, की प्रत्येक प्रांताची राजभाषा केंद्राचीच राजभाषा असावी, नाहीतर प्रांत स्वतंत्र राष्ट्रांसारखे वागू लागतील. तेव्हा फाळणी ताजी होती आणि ती भीती खरी होती. तीन पिढ्यांच्या अनुभवानंतर मात्र असे म्हणता येते, की भाषेचा मान राखल्याने राज्ये तुटली नाहीत. तमिळ, तेलुगू, मराठी माणूस या देशात आपली भाषा घेऊनच राहिला. निर्णय जवळ असण्याचा फायदा आपण अगदी अलीकडेही पाहिला. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचे शासन निर्णय २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये निघाले, आणि लोकांच्या विरोधानंतर २९ जून रोजी राज्य शासनाने ते मागे घेतले. हाच निर्णय देशासाठी एकदाच दिल्लीत झाला असता, तर तो इतक्या लवकर फिरवता आला असता असे मला वाटत नाही.

म्हणून माझे उत्तर संघराज्याच्या बाजूचे आहे, पण आजच्या आपल्या संघराज्यात एक दुरुस्ती हवी आहे. केंद्राच्या ज्या कार्यालयात, बँकेत किंवा स्थानकात सामान्य माणूस खिडकीपाशी उभा राहतो, तिथे त्या राज्याच्या राजभाषेत सेवा देणे १९६३ च्या अधिनियमातच बंधनकारक करावे. त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज भासेल असे मला वाटत नाही. आणि आज जे रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवर अवलंबून आहे, त्याला कायद्याचा आधार मिळेल.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या मुंबईत राहतो, घरी तमिळ बोलतो, बाहेर मराठी. राज्ये भाषेवर उभी असतील, तर आमच्यासारख्यांच्या भाषेचे काय?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : हा प्रश्न राज्यपुनर्रचना आयोगापुढेही होता, कारण सीमा कुठेही आखली तरी दुसऱ्या भाषेची माणसे आत राहणारच. म्हणून १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आणि ३५०ख आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय, आणि त्यावर लक्ष ठेवणारा विशेष अधिकारी. मुंबई महापालिका आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते. बेळगावातल्या मराठी मुलांसाठी आपण जे मागतो, ते धारावीतल्या तमिळ मुलांना देणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि या शाळांतली पटसंख्या घसरते तेव्हा मराठी शाळेइतकीच त्यांची काळजी वाटली पाहिजे.

प्रश्न : मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज मराठीत का चालत नाही?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : अनुच्छेद ३४८ नुसार संसद वेगळी तरतूद करेपर्यंत सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे. राज्यपालांना राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या राजभाषेला परवानगी देता येते. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे अशी परवानगी हिंदीला मिळालेली आहे. मात्र अशा प्रस्तावावर भारताच्या सरन्यायाधीशांची संमती घ्यावी, असे केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने १९६५ मध्ये ठरवले, आणि त्या चार राज्यांपलीकडे कोणत्याही भाषेला अद्याप ही वाट मोकळी झालेली नाही. त्याखालच्या न्यायालयांची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, त्यामुळे तिथे आपल्याला मराठीत दावा दाखल करता येतो.