ह्वे ते होई आन : मधला दिवस बोगद्यात घालवू नका

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, वय 62 आणि 58, राहणार सांगली. दिवाळीनंतर आठ दिवस व्हिएतनामला जायचा विचार आहे. हनोई, मग ह्वे, मग होई आन असा बेत. ह्वे ते होई आन हा दिवस टूरवाल्यांनी नुसता 'ट्रान्सफर'चा म्हणून दाखवलाय : सकाळी दहाला एसी गाडी, बोगद्यातून तीनेक तासांत होई आन, पुढे मोकळा वेळ. त्या दिवशी वाटेत काही बघता येईल का? शिवाय आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, त्याची धास्ती आहे.
– एक दांपत्य, सांगली

उत्तर : वाटेत काय बघायचं ते सांगतेच, पण पत्रातला 'दिवाळीनंतर' हा शब्द वाचून माझा जीव आधी तिथेच अडकला. तारीख बदलता येत असेल तर बदला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. नैऋत्येचे वारे सह्याद्रीला अडतात आणि जून-जुलैत आपल्याकडे पाऊस पडतो, ही आकृती दरवर्षी फळ्यावर काढली. मध्य व्हिएतनाममध्ये तीच आकृती उलटी आहे. तिथे आपला पावसाळा संपता संपता ईशान्येकडचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, त्रुओंग सोन डोंगररांगेला अडतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्वे आणि होई आन या दोन्ही गावांना झोडपून काढतात. होई आनमध्ये तान की नावाचं एक जुनं व्यापाऱ्याचं घर आहे. त्याच्या भिंतीवर कुठल्या वर्षी थू बोन नदीचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा आहेत, 2023 मध्ये आम्ही पाहिल्या तेव्हा 1964 ची सगळ्यांत वर होती. मी त्या खुणेखाली उभी राहिले, तर ती माझ्या डोक्याच्या वर होती. आयर्विन पुलाची पातळी विचारत 2019 च्या महापुराच्या रात्री जागून काढलेल्या सांगलीकरांना याहून जास्त काय सांगू? मार्च धरा. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचं नववर्ष, म्हणजे टेट, असू शकतं. तेव्हा गाड्या भरलेल्या आणि दुकानं बंद असतात.

आता तुमचा मधला दिवस. आम्ही दोघं 2023 च्या मार्चमध्ये गेलो, तेव्हा आमच्या कार्यक्रमातही असाच 'ट्रान्सफर' होता. गाडीत बसलो, हाय व्हान घाटाखालचा सहा किलोमीटरहून लांब बोगदा आला, दिव्यांच्या रांगा मागे पडत गेल्या आणि संपल्या. वर घाट होता, शेजारी समुद्र होता, आणि आम्हाला त्यातलं काहीच दिसलं नाही. फार चुटपूट लागली. म्हणून परतताना हट्टाने रेल्वे घेतली.

तुम्हीही रेल्वेच घ्या. ह्वे ते दा नांग, म्हणजे होई आनजवळचं मोठं शहर, अंतर 103 किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. फ्रेंचांनी सुरू केलेला आणि 1936 मध्ये हनोई-सायगाव असा पूर्ण जुळलेला हा मार्ग मीटरगेजचा आहे. मिरजेहून बेळगावकडे पूर्वी धावायची ती मीटरगेज तुम्हाला आठवत असेल, तोच डुलता वेग. लांग कोची खाडी मागे पडली की गाडी डोंगराच्या कडेला लागते. हाय व्हान म्हणजे समुद्र आणि ढग, आणि दोन्ही खिडकीतच असतात. छोटा बोगदा, बाहेर पडल्यावर खाली पांढऱ्या वाळूची चिमुकली पुळण, तिथे माणूस नाही, मग पुन्हा बोगदा. वळणावर स्वतःच्याच गाडीचं इंजिन पुढे झाडीत शिरताना दिसतं. हे तर तीन तास खिडकीची काच सोडायला तयार नव्हते, डब्यातला खाऊ तसाच राहिला. तिकीट काढताना डावीकडची खिडकी मागा, दक्षिणेला जाताना समुद्र त्या बाजूला असतो. 2024 पासून या टप्प्यावर पर्यटकांसाठी खास गाड्याही सुरू झाल्या आहेत, त्या लांग कोला थोडा वेळ थांबतात.

सामानाची काळजी नको. टूरवाल्यांना सांगा, ठरलेली गाडी तीच राहू द्या. ती बॅगा घेऊन रस्त्याने जाईल आणि दा नांग स्टेशनबाहेर तुमची वाट बघेल. होई आनला रेल्वे नाही, तेव्हा तिथून पुढचे तीसेक किलोमीटर गाडी लागणारच आहे.

आणि दा नांगमध्ये दोन तास थांबा. हे मी आग्रहाने सांगते. ड्रॅगन पुलाच्या टोकाशी एक पिवळी, बसकी इमारत आहे, चाम शिल्पांचं संग्रहालय, 1919 मध्ये उघडलेलं. चाम हे याच किनाऱ्यावर शेकडो वर्षं राज्य केलेले लोक. त्यांचे राजे शिवभक्त होते, शिलालेख संस्कृतात कोरायचे. आत 'मी सोन' नावाच्या चामांच्या जुन्या देवस्थानातून आणलेला सातव्या-आठव्या शतकातला गणपती आहे, वालुकाश्माचा, आणि तो उभा आहे! आपल्या डोळ्यांना बसलेल्या मूर्तीची सवय. हा दोन पायांवर सरळ, कसलाही मुकुट-मखर नाही, सोंड हातातल्या वाटीत. दगड हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्यासारखा दिसतो. ह्यांनी नकळत चपला काढल्या. तिथला रखवालदार जवळ आला, मला वाटलं आता रागावणार. त्याने फक्त चपला भिंतीकडे सरकवल्या, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

दुसरा एखादा दिवस हाताशी असेल तर होई आनहून 'मी सोन'ची देवळंही करा, साधारण 40 किलोमीटर. 1969 च्या अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांची मोठी हानी झाली. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तिथे अलीकडे डागडुजीचं काम केलं, आणि 2020 मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. विटांच्या त्या भिंतींपुढे उभं राहिलं की घर किती लांब आहे हे विसरायला होतं.

जेवणाची धास्ती सोडा. एकच शब्द पाठ करा : चाय. आपला चहा नव्हे, तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहारी, आणि 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भात-भाजीचं ताट. ह्वे हे बौद्ध मठांचं गाव. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली कितीतरी घरं मांस खात नाहीत, आपल्याकडे एकादशी पाळतात तशी. त्यामुळे चायची खानावळ शोधावी लागत नाही. ताटात मटणासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा मश्रूमचं असतं. साध्या हॉटेलात मात्र 'नुओक माम' नको म्हणून सांगा, हा माशांचा रस ते आपण मीठ घालतो तितक्या सहज भाजीतही घालतात.

होई आनला संध्याकाळी पोचाल. नदीकाठी कंदील लागलेले असतील. शुद्ध चतुर्दशीच्या सुमाराची रात्र साधली तर जुन्या गावातले विजेचे दिवेही मालवतात. पैसे देताना नोट उजेडात धरून बघा : 20 हजार डाँग आणि 5 लाख डाँग, दोन्ही निळ्या. पहिली आपल्या सत्तर रुपयांच्या आसपासची, दुसरी साधारण सतराशेची. मी नदीकाठी कागदी दिवा घेतला आणि अंधारात मोठी नोट देऊन पुढे निघाले. दिवे विकणारी आजी टोपली तिथेच टाकून गर्दीतून माझ्या मागे आली, दंड धरून थांबवलं, नोट माझ्या तळहातावर ठेवली आणि माझ्या पाकिटातून बोटाने बरोबर नोट दाखवली. त्या वीस हजारांच्या नोटेवर होई आनचाच जुना जपानी पूल छापलेला आहे. तो पूल तिच्या टोपलीपासून चार पावलांवर होता.