मांडीवर नको, सीटमध्येच: कमरेला प्लास्टर असलेल्या मुलीला घरी नेताना

"घरी जाताना आजी मागे बसेल आणि हिला मांडीवर आडवी घेईल. चालेल ना?" मांडीचं हाड मोडलेल्या लहान मुलांच्या घरचे डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हमखास हे विचारतात. उत्तर 'नाही' असंच आहे. पण नुसतं 'नाही' म्हणून आईबाबांची काळजी मिटत नाही, म्हणून एका कुटुंबाची तयारी इथे सविस्तर देत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मुलगी तीन वर्षांची, वजन १२ किलो. जिन्यावरून पडून उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं. स्पायका प्लास्टर घातलं होतं: बरगड्यांपासून उजव्या घोट्यापर्यंत, डाव्या पायाला गुडघ्याच्या वरपर्यंत आणि दोन्ही पाय फाकलेले राहावेत म्हणून मध्ये आडवी दांडी. पुण्याहून साताऱ्याच्या पुढे, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जायचं होतं, वाटेत खंबाटकी घाट. घरात चाइल्ड सीट होती, पण मुलगी रडते म्हणून ती माळ्यावर गेली होती.

आईला खरं टोचत होतं ते वेगळंच. "आधीच एवढं दुखतंय, त्यात पट्ट्यांनी जखडून ठेवायचं?" तिला आम्ही आधी दुखण्याचं कारण सांगितलं. मोडलेल्या हाडाला त्रास होतो तो हिसक्याने. मांडीवरचं मूल प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला सरकतं, आणि त्याला सावरायला आजी जिथे हात घालेल तिथेच नेमकं दुखणं असतं. पट्ट्याने धड सीटला धरून ठेवलं की हा हिसका कमी होतो. दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. प्लास्टर धरून मुलीचं वजन साडेतेरा किलो. गाडी ताशी ५० किलोमीटरवरून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तिला धरून ठेवायला जवळपास १९० किलोचा जोर लागेल. एवढा जोर कोणाच्याच हातात नसतो, आईच्याही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण आमच्या लेखी तो मुद्दा दुय्यम.

मग ठरलं की सीट आणि गाडी दोन्ही आदल्या दिवशीच रुग्णालयात आणायच्या. डिस्चार्जच्या घाईत, पार्किंगमध्ये उन्हात उभं राहून पहिल्यांदा प्रयत्न केला की बहुतेक कुटुंबं शेवटी मांडीवरच येतात. सीट आधी वॉर्डात जमिनीवर ठेवली (पलंगावर कधीच नाही, कलंडते) आणि मुलीला त्यात पंधरा मिनिटं बसवून मऊ भात भरवला. बाहुलीला आधी पट्टा लावला, मग हिला. "आता टिक वाजेल" असं अगोदर सांगितलं की मुलं दचकत नाहीत.

उचलायला दोन माणसं लागतात. एकाने काखेखालून पाठ धरायची, दुसऱ्याने दोन्ही मांड्यांखाली हात घालायचे आणि एकाच वेळी उचलायचं. मधली दांडी मूठ धरायला सोयीची दिसते, पण तिला धरून उचलू नका. ती निखळते आणि प्लास्टरला तडा जातो.

या चाचणीत तीन अडचणी निघाल्या, आणि त्या जवळजवळ प्रत्येक घरात निघतात.

पहिली गोधडीची. मऊ लागावं म्हणून आईने मुलीच्या पाठीमागे आणि खाली गोधडी दुमडून घातली होती. पट्टे वरवर घट्ट वाटत होते. पण धक्का बसला की गोधडी दबते आणि तेवढीच ढील पट्ट्यात येते. गोधडी काढली, पट्टे पुन्हा आवळले. गळपट्टीच्या हाडापाशी पट्ट्याला चिमटीत घडी पडता कामा नये, ही खूण. थंडी वाजत असेल तर दुपटं पट्टे लावून झाल्यावर वरून घाला.

दुसरी सीटच्या कडांची. घरच्या सीटच्या बाजू उंच होत्या, फाकलेला डावा पाय त्यावर अडकून मुलगी उजवीकडे कलत होती. अशा वेळी पाय दाबून बसवायचा नाही, सीट बदलायची. चुलत भावाकडे बुटक्या कडांची ९ ते १८ किलोची सीट होती. उसनी सीट घेताना एकच गोष्ट खात्रीने विचारा: ती अपघातात सापडलेली नाही ना? सापडली असेल तर नको, वरून धड दिसली तरी. वजनाची मर्यादा बघताना प्लास्टरचं वजनही धरा.

तिसरी लोंबणाऱ्या पायाची. उजवा पाय सीटच्या पुढे अधांतरी राहिला की त्याच्या भाराने प्लास्टरची वरची कड पोटात रुतते. मूल किरकिर करतं आणि सगळ्यांना वाटतं पट्टाच टोचतोय. आंघोळीचा टॉवेल घट्ट गुंडाळून पोटरीखाली दिला आणि टाच मोकळी सोडली, कारण टाचेवर सतत दाब आला तर तिथे जखम होते. टेकू म्हणून डबा, पाट, पुस्तकं नकोत. जोरात ब्रेक लागला तर त्याच वस्तू उडून लागतात.

प्लास्टरच्या जाडीमुळे मूल सीटमध्ये थोडं उंच बसतं. म्हणून खांद्याचे पट्टे वरच्या खाचेत घ्यावे लागले: पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये ते खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवेत, आणि कानाचा वरचा भाग सीटच्या पाठीच्या आत. दोन पायांमधला पट्टा सर्वांत सैल करून बकल लागलंच पाहिजे. दांडी आड येते म्हणून तो पट्टा सोडून दिला तर मूल खालून घसरतं आणि वरचे पट्टे गळ्याशी येतात. सीट स्वतः बेल्टच्या जागी धरून हलवली तर अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. चालकाशेजारची सीट पूर्ण पुढे ओढा, म्हणजे मागे पाय कशाला अडणार नाहीत.

कधीकधी प्लास्टर इतकं सरळ असतं की मूल बसूच शकत नाही. तेव्हा मागच्या सीटवर आडवं झोपवून दोन बेल्ट अडकवण्याचा जुगाड करू नका, मूल त्याखालून निसटतं. अमेरिकेत आडवं झोपवून बांधायचे खास व्हेस्ट आहेत, आणि तिथली बरीच बालरुग्णालयं खास सीट उसन्या देतात. तिथल्या मराठी आईबाबांनी डिस्चार्जपूर्वी नक्की विचारावं. आपल्याकडे अशा वेळी स्ट्रेचरची खासगी अँब्युलन्स बरी, पण तिथेही मुलाला स्ट्रेचरच्या पट्ट्यांनी बांधायचं. 'अँब्युलन्स आहे' म्हणून मांडीवर घेणारे कमी नाहीत.

निघण्याच्या दिवशी प्लास्टर पूर्ण वाळलेलं हवं. साध्या पीओपीला २४ ते ४८ तास लागतात. दुखण्याचं औषध डॉक्टरांच्या सांगण्यानुसार निघण्याआधी अर्धा तास. इथे सिरपच्या बाटलीची गफलत फार होते. १२ किलोच्या मुलीला डॉक्टरांनी १८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लिहिलं, तर ५ मिलीत २५० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ते ३.६ मिली होतं आणि १२५ च्या बाटलीतून ७.२ मिली. बाटलीवरचा आकडा वाचूनच मापून द्या. पोटभर जेवण नको, कारण प्लास्टर पोटाला ताणू देत नाही आणि घाटात उलटी झाली तर साफ करणं महाकठीण. डायपर दोन: छोटं प्लास्टरच्या आत खोचलेलं, मोठं वरून.

वाटेत तासा-दीड तासाने थांबा आणि पायाची बोटं बघा. बोट दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली, खूप सुजली, मूल ती हलवेना, किंवा औषध देऊनही दुखणं वाढतच चाललं, तर घरी पोचायची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयात जा आणि ऑर्थोच्या डॉक्टरांना फोन करा. कोणती रुग्णालयं वाटेत आहेत हे या कुटुंबाने आधीच लिहून घेतलं होतं.

आजी मागेच बसली, मुलीच्या शेजारी, स्वतःचा बेल्ट लावून. मुलीला गरज मांडीची नव्हती, आजीच्या हाताची होती, आणि तो हात पूर्ण रस्ताभर धरता आला.

प्लास्टर निघेल त्या दिवशी सीट पुन्हा नव्याने जुळवावी लागेल. मुलगी सीटमध्ये खाली बसेल, खांद्याचे पट्टे खालच्या खाचेत आणावे लागतील, पायांमधला पट्टा पुन्हा आखूड करावा लागेल. प्लास्टर कापायला नेताना सीटचं माहितीपुस्तक गाडीतच ठेवा.