सूचना ‘दिली’ की ‘केली’?

प्रश्न असा आहे: ‘मंत्र्यांनी अधिकाऱ्यांना सूचना दिल्या’ आणि ‘नागरिकांनी मसुद्यावर सूचना दिल्या’, दोन्हीकडे ‘सूचना’च कशी? आणि तज्ज्ञांनी सांगितलं की तीच ‘शिफारस’ का होते?

फरक क्रियापदात आहे. वरून येणारी सूचना ‘दिली’ जाते आणि ती पाळायची असते. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर छापलेल्या सूचना आठवा. खालून वर जाणारी सूचना ‘केली’, ‘मांडली’ किंवा ‘पाठवली’ जाते आणि ती फक्त विचारात घ्यायची असते. म्हणून नागरिक मसुद्यावर सूचना करतात. ‘दिल्या’ला मी चूक म्हणणार नाही, तेही आता रुळलंय, पण क्षणभर वाटतं, लोकांनीच सरकारला हुकूम सोडला की काय! (सोडला तर बरंच.)

सरकारी जाहिरातीत ती जोडीने येते: ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’. हरकत घ्यायची किंवा नोंदवायची. ‘हे कलम नको’ ही हरकत, ‘त्याऐवजी असं लिहा’ ही सूचना. एकाच पत्रात दोन्ही असतील तर वेगळी मांडावीत. कोणत्या मुद्द्याला काय उत्तर मिळालं हे नंतर विचारता येतं. केंद्र सरकारच्या २०१४च्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा असतो. या प्रक्रियेला ‘सल्लामसलत’ म्हणतात. मसलतीला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. नुसता मसुदा टांगून ठेवला तर तो शब्द वापरणं माझ्या जिवावर येतं.

आता शिफारस. शब्द फारसीतला, बोलण्यात त्याला वशिल्याचा वास अजून आहे. धोरणाच्या संदर्भात मात्र, विचार करून मार्ग सुचवण्याचं काम ज्यांच्यावर सोपवलंय त्यांनी सुचवलेला मार्ग म्हणजे शिफारस. ते तज्ज्ञच असावे लागतात असं नाही. आयर्लंडमध्ये २०१६ साली स्थापन झालेल्या नागरिक सभेत अध्यक्षांखेरीज ९९ सामान्य मतदार होते, यदृच्छया निवडलेले. राज्यघटनेतलं गर्भपातबंदीचं कलम बदला, ही शिफारस त्यांनी केली आणि २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं बदलाच्या बाजूने पडली.

उलट आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरचं आंतरसरकारी मंडळ. त्याचे अहवाल जगभरचे शास्त्रज्ञ लिहितात, तरी ते शिफारस करत नाहीत. अहवाल धोरणाला उपयोगी पडावा, पण त्याने धोरण ठरवून देऊ नये, हा त्यांचा नियमच आहे. ‘उत्सर्जन इतकं राहिलं तर तापमान इतकं वाढेल’, एवढंच. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश तर सरकारांचे प्रतिनिधी ओळीनओळ तपासून संमत करतात. त्यामुळे बातमीत ‘आयपीसीसीची शिफारस’ न लिहिता ‘निष्कर्ष’ लिहावं.

सल्ला या सगळ्यांत मवाळ वाटतो, पण त्यावर विसंबू नका. मंत्रिमंडळ राष्ट्रपतींना देतं तो ‘सल्ला’च, आणि १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून तो बंधनकारक आहे. फेरविचारासाठी तो एकदा परत पाठवता येतो. पुन्हा आला की मानावाच लागतो.