जुन्या स्पोर्ट्स कारचा सन व्हायझर (ऊन अडवणारी घडीची पट्टी) वर टिकत नाही, सारखा खाली पडतो, काय करावे?

प्रथम सैलपणा नेमका कुठे आहे ते पाहावे. काचेच्या वरचा, व्हायझर धरून ठेवणारा ब्रॅकेट हलत असेल, तर त्याचे स्क्रू आवळणे पुरेसे असते. मात्र छिद्राचे आटे गेले म्हणून लांब स्क्रू घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे टोक छताच्या पत्र्याला आतून टोचू शकते. ब्रॅकेट घट्ट असूनही व्हायझर घसरत असेल, तर बहुधा आतली क्लिप झिजून, व्हायझर ज्या दांड्यावर फिरतो त्यावरची पकड गेलेली असते. अशा वेळी दांडा बाहेर काढता येत असल्यास तो पुसून कोरडा करावा आणि त्यावर उष्णतेने आकसणाऱ्या हीट-श्रिंक नळीचा एकच थर चढवावा. दोन थर चढवून मी एकदा व्हायझरची जुनी शिवण उसवून बसलो आहे. तेल मात्र थेंबभरही लावू नये.